मनकर्णाबाईचे निरोप

राजापेठेत मनकर्णाबाईच्या हाती निरोप देणं म्हणजे भाजी फोडणीला देणं. बाहेर येईल ती वेगळीच, पण खमंग. तिच्या या गुणामुळे गल्लीत दोन सोयरिकी जुळल्या. ती स्वतः चार सांगते.

यंदा तिला काम घरातच मिळालं. मुलगा कुंदन कॉम्प्युटरवाला. त्यानं बायकोच्या, म्हणजे रागिणीच्या, लॅपटॉपमधलं विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि लग्नाचं स्टेज आखायचा तिचा प्रोग्राम उघडेनासा झाला. त्याच संध्याकाळी वरूडचे देवमनजी लेकीच्या लग्नाचं स्टेज बघायला येणार. रागिणीचं हे पहिलंच गिऱ्हाईक. तिनं अबोला धरला.

"आई, त्याईले सांगा, काम गेलं तं देवमनजीच्याच गाडीत बसून मी माहेरी वरूडले जाईन."

मनकर्णाबाई आत जाऊन म्हणाली, "तिले भरवसा हाय तुह्यावर."

"तिले सांग, माहं डोकं नोको खाऊ."

बाहेर येईस्तोवर त्याचं "तू जेवून घे म्हणते" झालं.

"तू काय करून राहिला रे?" तिनं परत येऊन विचारलं.

"मधला माणूस बसवून राहिलो, माय. प्रोग्राम विंडोजच्या ग्राफिक्सच्या बोलीत हुकूम सोडते, इथं खांब काढ, इथं रंग भर. लिनक्सले थे समजत नाही. मधला त्याले त्याच्या बोलीत सांगन."

"म्हंजे मीच," म्हणत तिनं खुर्ची ओढली.

दुपारी चित्र उमटलं. झुंबर जमिनीवर, नवरा-नवरीच्या खुर्च्या छताला.

"नवरदेव वटवाघूळ हाय का रे?"

दारातल्या रागिणीनं ओढणी तोंडात कोंबली.

कुंदननं कपाळ धरलं. "एक बोली उंची वरून मोजते, दुसरी खालून. म्या आकडे जसेच्या तसे देल्ले."

"काहून देल्ले? म्या तुहं बोलणं जसंच्या तसं नेलं असतं तं तुही बायको वरूडले पोचली असती."

"काय काय बदललं, आई?" रागिणीनं विचारलं. मनकर्णाबाईला एकदम कोथिंबीर निवडायची आठवली.

संध्याकाळी खुर्च्या खाली, झुंबर वर. देवमनजींनी स्टेज चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, फुलं तेवढी नारिंगी करायला सांगितली आणि लग्नाची तारीख देऊन गेले.

रागिणी सरळ कुंदनकडे वळली. "च्या घेता?"

"घेतो."

मनकर्णाबाई दोघांच्या तोंडांकडे बघत राहिली. "माहा बी ठेव," ती म्हणाली, "आता मले कोण इचारते."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पंचफुलेनं विषय काढला, तेव्हा मात्र ती म्हणाली, "स्टेज उलटं होतं बाई. म्या सरळ केलं."