बासष्टाची मापं अन् वर एक

आयुष्यभर गणित शिकवलं मी. अंगात येणं, दृष्ट, उतारे... कुणी विषय काढला की मी सरळ उठून जाते. पण हे भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडलं, त्याला काय करू?

गाव तिसगाव, साल स्वातंत्र्याच्या आदलं. माझा थोरला भाऊ, दादा, तिथे मास्तर. त्याला एका संख्येचं वेड लागलेलं. दोन एकतीस वेळा मांडून गुणायचे, त्यातून एक वजा — २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, हे त्याला स्वतः भागून बघायचं होतं. त्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे शेहेचाळीस हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं... पावणेपाच हजारांवर भागाकार! आठशे झाले आणि डोळे अधू व्हायला लागले. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, बारीक काम बंद करा, नाहीतर नजर कायमची जाईल. ऐकेल तो दादा कसला!

मी सुट्टीत आले होते. ओसरीवर दादा वहीत नाक खुपसून बसलेला, आणि वैनी, त्याची बायको, ज्वारी मापत होती. आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मापता मापता तिचा हात थांबला.

"अवं, सगळ्यांनी कशाला भागताय? बासष्ट-बासष्टाची मापं घ्या अन् वर एक लाभ. तसल्याच आकड्यांनी भागा. बाकीच्यांनी जायाचाच न्हाई."

"कुनी सांगितलं गं तुला?" दादाने विचारलं.

"कुनी न्हाई. दिसतंय मला."

दादा हसला. मीही हसले, आता लाज वाटते. वैनीला साधी सही येत नव्हती, अंगठा उठवायची. तिचे डोळे भरून आले. "माझी शपथ हाय. तेवढंच करा अन् वही मिटा. मला आंधळा नवरा चालंल, पर तुमाला कसं चालंल वो?"

तिच्यासाठी त्याने ऐकलं. बासष्टच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या — ३११, ३७३ अशा — दीडशेच्या आसपास निघाल्या. मीही भागायला बसले. एकानेही भाग गेला नाही. "ह्याला सिद्ध केलं म्हनत न्हाईत," म्हणत दादाने वही मिटली. डोळे वाचले, पण माणूस गप्प झाला. शाळेतून आला की भिंतीकडे बघत बसायचा. वैनी त्याच्याकडे बघून झुरायची.

दोन वर्षांनी पुण्याला कॉलेजात सरांनी एक प्रमेय फळ्यावर लिहिलं. त्यावरून दादाच्या संख्येचा हिशोब केला, तर वैनीचंच बोलणं समोर! त्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक बासष्टच्या पटीपेक्षा एकनेच जास्त असू शकतो! ही संख्या मूळ आहे हे युरोपात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं, हेही तेव्हाच कळलं.

मिळेल त्या गाडीने घर गाठलं. युरोपचं दादाने ऐकलंसुद्धा नाही. "म्हंजी आपलं पुरं झालं हुतं!" म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मग वैनीला हाक मारली. "तुला कसं गं कळलं?"

वैनीचे हात पिठात. "मला काय ठावं? तुमचे डोळे चालले हुते. त्या दिसांत मला दुसरं काईच सुचत नव्हतं. तवा ते दिसलं, बास."

पुन्हा तिला कधी काही दिसलं नाही. मी विचारून विचारून छळलं बिचारीला. ते प्रमेय मी आजही फळ्यावर सिद्ध करून देईन. वैनीला ते कसं दिसलं हे मात्र मला विचारू नका... खरंच माहीत नाही.