प्राजक्ताची लाखोली

विद्यानगरच्या आशिष बिलोलीकरला कुणी किती वाजले विचारलं, तर तो दोन वेळा सांगायचा, एक इथली आणि एक अमेरिकेतली. वडील सरकारी नोकरीत होते, दहाच्या ठोक्याला घोरायला लागायचे. मुलाच्या नशिबी मात्र रात्री अकराचा कॉल, सकाळी सातचा कॉल आणि मधल्या वेळात छताकडे बघणं. बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. त्याच दिवशी त्याच्या आईनं, कमलताईंनी, पांडुरंगाला नवस बोलला: पोराला झोप लागू दे, चातुर्मासात प्राजक्ताची लाखोली वाहीन. लाख म्हणजे लाख, त्यात तडजोड नाही.

झाड होतं शेजारच्या तेलुगू भाग्यलक्ष्मीअम्मांच्या अंगणात. आपोआप खाली पडलेलं चालतं असं हे एकच फूल, तेव्हा कमलताई पहाटे जाऊन वेचायच्या, हजार मोजायच्या, आणि विष्णूच्या हजार नावांना एकेक वाहायच्या. निम्मा पल्ला झाला आणि गणपती बोळवून येताना बाईंचा पाय मुरगळला. पायाचं दुःख नव्हतं हो, लाखोली अडली याचं होतं. घास जाईना. आशिषला ते बघवेना.

"मी आणतो की फुलं," तो म्हणाला.

"मोजून?"

"मोजून."

पण हा पडला कॉम्प्युटरवाला, हा कसला वाकून मोजतोय! त्यानं निर्माल्यातली शंभर फुलं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, वजनाला दहानं गुणलं, झाले हजार. मग रोज रात्री झाडाखाली चादर अंथरून ठेवायची, सकाळी कानाला फोन लावून फुलं काट्यावर ओतायची, आणि आकडा आला की घरी. सात मिनिटांत लाखोलीतले हजार खलास. स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

कार्तिक लागला, पहाटे गारठा पडायला लागला. फाटकापुढे रांगोळी घालता घालता अम्मा एकदा म्हणाल्या, "क्या बाबू, देव को पानी भी तोल के देते क्या?"

त्यानं काट्याकडे पाहिलं. ताटलीत दवाचं तळं. वजन ठरवलं होतं सुकल्या फुलांवर, आणि तोलत होता तो चिंब भिजलेली! तिथंच बसून त्यानं मोजली, तर हजाराची निघाली सातशे. चाळीस दिवस रोज तीनशे कमी. बारा हजारांचा खड्डा, आणि एकादशीला उरले आठ दिवस. आईनं त्याच्यासाठी बोललेला नवस त्यानंच बुडवत आणला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो काटा न घेता, पाच वाजताच झाडाखाली जाऊन बसला. बोटांनी एकेक उचलायला लागला. चारशेपर्यंत नीट चाललं. मग एक फूल हातावरच पडलं. वारा नाही, कुणी फांदी हलवली नाही, झाडानं आपलं सोडून दिलं, बस्स. त्यानं मान वर केली. अंधारातून पांढरी फुलं येतच होती, गरगरत, सावकाश, केशरी देठ सांभाळत. लांब कुठंतरी लोकलची शिट्टी झाली. चाळीस दिवस तो या झाडाखाली येत होता, आणि फुलं पडताना त्यानं आज पाहिली. त्याला स्वतःचंच हसू आलं. एवढी फुलं, कुणाला दाखवायची नाहीत, कुणी मोजावीत अशी अपेक्षा नाही. आपला सातचा कॉल त्याला एकदम चिमूटभर वाटला. जरा पाठ टेकावी म्हणून तो चादरीवर आडवा झाला.

उठला तेव्हा ऊन पायावर आलं होतं. साडेनऊ! फोनवर सोळा मिस्ड कॉल. अम्मांनी अंगावर शाल टाकली होती आणि अंगण तसंच बिनझाडलेलं ठेवलं होतं.

टोपली घेऊन तो घरी गेला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. काटा, दव, बारा हजार. आज तर चारशे बाराच होती.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," कमलताई म्हणाल्या. "फुलं संपायची सातशेला, नावं उरायची तीनशे. त्यांना मी अक्षता वाहिल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसरं मशीन आणलं असतंस. आणि चारशे बारावर का थांबलास?"

"झोप लागली गं तिथंच."

"गोळी घेतली होतीस?"

"नाही. रात्री विसरलोच."

कमलताईंनी पदरानं डोळे पुसले, लंगडत त्याच्याजवळ आल्या आणि त्याच्या केसांत अडकलेलं एक फूल काढलं. डोक्यातलं फूल देवाला चालत नाही, हे लहानपणी त्यांनीच त्याला शिकवलं होतं. ते फूल त्यांनी पांडुरंगाच्या पायावर ठेवलं.

"चारशे तेरा," त्या म्हणाल्या.