मिरचीचे हात

माझ्या काकूला सगळा बाजार तिखटकाकू म्हणतो. तिच्या जिभेलाही ते नाव शोभतं, पण पडलं ते मिरचीमुळे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आमच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडते, मिरच्या कांडते, विकते. डोळ्यांत पाणी आलं तर खांद्याने पुसते. हात चेहऱ्याला लावायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली.

गिऱ्हाइकं येतात ती दुखणी घेऊनच. दाढ ठणकतेय? लवंग धर दाढेखाली. पोट फुगलंय? ओवा चाव, वर गरम पाणी पी. बोट कापलं? हळद दाब आणि आरडाओरडा बंद कर. फुकटचा सल्ला, वर दमदाटी, तरी लोक तिच्याचकडे येतात.

काकूची लेक तान्ह्या पोरीला घेऊन महिनाभर राहायला आली. काकूने हात पुढे केले, तशी लेक मागे सरली.

"आई, तू लांबूनच बघ. माझं काय झालं होतं, आठवतंय ना?"

आठवत होतं. लेक लहान असताना काकूने तिचं तोंड धुतलं आणि पोर संध्याकाळपर्यंत डोळे उघडेना. तेव्हाही हात साबणाने धुतलेलेच होते. लेकीचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण काकूचा चेहरा पार उतरला.

दुसऱ्या दिवशी तिने मिरचीची पोती माझ्याकडे ढकलली. "ही आता तू बघ. मी हळद-जिरं सांभाळते."

"माझ्या हातची मिरची घेतंय कोण?"

"न घेऊन जातात कुठे!"

गेली की! चांगली जुनी गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली. काकूने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती हातांना तेल चोळायची, चिंचेच्या पाण्यात बुडवायची, नखं खरवडायची. आणि रोज सकाळी दुकान उघडताना स्वतःच्या डोळ्यात बोट घालून बघायची. झोंबलं की खांद्याने पाणी पुसून कामाला लागायची.

"आंधळी होशील एक दिवस!" मी ओरडले.

"माझाच डोळा आहे ना? पोरीचा तर नाही."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे आदळला.

महिना संपत आला. एका सकाळी ती डोळ्यात बोट घालून तशीच उभी राहिली; खांदा वर आला नाही. मग दुसऱ्या डोळ्यात घातलं. दुकान अर्धवट उघडं टाकून घराकडे निघाली, मी मागोमाग. लेकीने तिच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

लेक पुढे आली. तिने पोर काकूच्या मांडीवर ठेवली. पोरीने आजीचं पिवळं बोट पकडलं आणि थेट तोंडात घातलं. बोट सोडवायला लेक वाकलीच होती. पोरीने तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा मजेत चोखायला लागली.

काकूच्या डोळ्यांना धार लागली. सवयीने तिचा खांदा वर आला, मध्येच थांबला, आणि मग तिने दुसऱ्या हाताच्या तळव्याने डोळे पुसले.