नेटवरचं एक अनोळखी गिऱ्हाईक

लोक मले अजून इचारतात, "तुमच्या त्या इंटरनेटच्या धंद्यात हाती काय लागलं बे?"

खरं सांगू का, किस्से लागले. बाकी कायचाच उतारा आला नाई, पन किश्शांचा एकरी उतारा बम होता. खत नाई, फवारनी नाई, तरी दर हप्त्याले एक निघे!

हे ते वर्ष होते, जवा कापसाच्या भावाचं नाव काढलं की बुढे लोक उठून दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसत. मूर्तिजापुरात ज्याच्या घरी पोट्टा बारावी झाला, त्याच्या घरी एकच इचार: याले वावरात नाई घालाचं, कुठीतरी चिकटवाचं. आता चिकटवाले जागा कुठी होती? म्हनून आमी तिघं इंटरनेटले चिकटलो.

तिघं म्हनजे एक मी. दुसरा गजा, ज्याच्या वावरात सोयाबीन अन् डोक्यात बी सोयाबीन. तिसरा इरफान. इरफानच्या घरचं काम पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजाचं अन् गाद्या भराचं. स्टेशन रोडवर दुकान. पन दोन-तीन हंगामापासून लोक लग्नं पुढं ढकलून राहिले होते, अन् लग्न नाई त गादी नाई. म्हनून इरफान त्याच्या अब्बाले म्हने, "गाद्या नेटवर इकू."

त्याच्या अब्बाले आमी चाचा म्हनतो. चाचानं दुकानाचा पुढचा कोपरा देल्ला, कम्पुटर घेऊ देल्ला, अन् एक शर्त घातली.

"नवा कापूस येईपर्यंत टाइम. तवापर्यंत या डब्ब्यातून एक गिऱ्हाईक आन. एकच! पन अनोळखी पायजे. मामाकडचं नाई, फुफीकडचं नाई, मोहल्ल्यातलं नाई. आलं त डब्बा राहीन. नाई आलं त डब्बा उचल. तिथी पिंजाची दुसरी मशीन बसन, अन् मशीनवर तू बसशीन."

आता इरफानचं असं, की कापसाची फक्की नाकात गेली का त्याची सकाळी सुरू झालेली शिंक दिवस बुडेपर्यंत थांबत नाई. लोकायसाठी धंदा पोटाचा प्रश्न असते. इरफानसाठी नाकाचा होता.

*

पयलं काम म्हनून आमी अकोल्याले गेलो. तिथी एका मंगल कार्यालयात 'घरबसल्या ऑनलाइन इनकम'चं शिबिर होतं. भर उन्हाळा, कूलर बंद, अन् शिकवनारे सर टाय लावून!

सर म्हने, "इंटरनेट मार्केटिंगची खरी ताकद कोणती? तुम्ही झोपलेले असता आणि तुमची कमाई चालू असते!"

हॉलभर टाळ्या. गजानं हात वर केला.

"सर, आमी दुपारी बी झोपतो. दुपारची बी चालू राहीन का?"

सरनं टायची गाठ सैल केली. "राहील."

गजानं वहीत लिवलं, 'दुपारची बी.' अन् खाली दोन रेघा मारल्या.

शिबिर सुटल्यावर इरफान सरले भेटला. म्हने, "सर, तुमी झोपता कायवर?" सरची कंबर दुखत होती. दहा मिनिटात इरफाननं त्यायले एक गादी इकली.

नाचत नाचत मूर्तिजापूरले आलो. चाचानं सारं आयकून घेतलं अन् म्हने, "हे डब्ब्यातून नाई इकली. तोंडातून इकली. तोंड आपल्याकडं आधीपासून हाय."

*

साइट बनेपर्यंत सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलं. सरनं सांगतलं होतं, की साइटवर रोज एक लेख टाकाचा. लोक लेख वाचाले येतात अन् माल घेऊन जातात. लेख लिवाचं काम माह्याकडं आलं, काहून की दहावीले मराठीत मले त्या दोघायपेक्षा जास्त मार्क होते.

गादीचे फायदे तीन दिवसात संपले. चौथ्या दिवशी मी लिवलं: 'कापसाच्या गादीवर झोपा, सोयाबीनवरची अळी पळवा.' शास्त्रीय कारन बी देल्लं. मालक निवांत झोपला की अळीले वाटते, या मानसाचं पीक जोरात हाय, इथी आपला टिकाव लागत नाई.

आठ दिवसानं दर्यापूरहून एक काका आले. काळीपिवळी जीपच्या मागं उभ्यानं आलेले. खिशातून माह्या लेखाची प्रिंट काढली, घडी करकरून पार चिंधी झालेली.

"गादी वावरात टाकाची का घरात?"

मी त्यायच्याकडं पाहालं. मस्करी करून राहिले का? नाई. बुढा सीरियस होता.

म्हने, "भाच्यानं काढून देल्ला कागद. सारे औषधं मारून झाले बापू. म्हनलं, हे बी करून पाहू."

चाचानं त्यायले बसवलं, चहा पाजला, अन् कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या मानसाकडं चिठ्ठी देऊन पाठवलं. चहाचा माह्या वाटनीचा कप बी त्यायलेच देल्ला.

तो लेख मी त्याच दिवशी काढला. आमच्या साइटचा सगळ्यात जास्त वाचलेला लेख होता बावा!

*

मंग सरची दुसरी शिकवनूक. ई-मेलची यादी बनवा, अन् साऱ्यायले एकदम मेल मारा.

इरफानच्या यादीत सात पत्ते होते. त्यातले तीन आमचेच. गजा म्हने, "यादी माह्याकडं हाय." तो घरून आपल्या बहिनीच्या लग्नातली पत्रिका वाटाची वही घेऊन आला. दोनशे नावं!

"अबे, यायचे ई-मेल कुठी हायत?"

"बनवतो ना."

अन् त्यानं बनवले! पयले नाव, मंग गाव, मंग ते गोल वेटोळ्याचं चिन्ह. ज्या मानसानं जन्मात कम्पुटरले हात लावला नाई, त्याचा बी ई-मेल गजानं स्वतःच्या मनानं तयार केला. दोनशे मेल गेले अन् दोनशेच्या दोनशे वापस आले.

गजाले वाईट वाटलं. म्हने, "पत्ता सापडला नाई त्यायले. मी सांगून येतो." त्यानं सायकल काढली अन् चार गावं फिरला. ज्याच्या त्याच्या दारात उभं राहून म्हने, "काका, तुमाले मेल आला होता. गाद्यायचा."

आमच्याकडं लग्नाचं आवतन द्याची रीत हाय. साध्या आवतनाले घरातून एक मानूस जाते. चूलबंद आवतन असलं त सारं घर जेवाले जाते, घरी चूल पेटत नाई. त एका बुढ्यानं गजाचं सारं आयकलं अन् इचारलं,

"बरं. मेल चूलबंद हाय, का एकट्याचाच?"

*

सरची तिसरी युक्ती अशी. साइटवर दुसऱ्याच्या जाहिराती लावाच्या. कोनी त्यावर क्लिक केलं की जाहिरातवाली कंपनी तुमाले कमिशन देते. चाचाच्या शर्तीत हे बसत नव्हतं, पन इरफान म्हने, तवापर्यंत लाइटबिल त निघन.

लावल्या जाहिराती. गजानं अन् मी बी आपापली एकेक साइट काढून तिच्यावर लावल्या. महिना झाला, कोनी क्लिक करेना.

गजा म्हने, "सावड करू ना!"

सावड म्हनजे आमच्या वावरातली पद्धत. आज सारे मिळून तुह्या वावरात निंदाले, उद्या सारे माह्या वावरात. मजुरी कोनाले द्याची नाई. मूर्तिजापुरात साइटवाले आमच्यासारखे अजून सात पोट्टे होते. दहा झन जमलो. सोमवारी साऱ्यायनं इरफानच्या साइटवर क्लिक कराचं, मंगळवारी गजाच्या, असा नंबर लावला. सावडीत जेवन वावरवाल्याचं असते, म्हनून सोमवारी इरफानच्या अम्मीनं दहा झनाची खिचडी टाकली. सकाळी आठले बसलो, दुपारी जेवलो, जरासे आडवे झालो, अन् दिवस बुडेपर्यंत क्लिक केलं.

चौथ्या दिवशी कंपनीचा मेल आला. तुमच्या खात्यांवर संशयास्पद क्लिक आढळले आहेत, सर्व खाती कायमची बंद.

गजाचं डोकं सनकलं. त्यानं मराठीत उत्तर लिवलं: 'साहेब, यात संशयाचं काय हाय? सारे क्लिक घरच्या मानसायनं आपल्या हातानं केले हायत. बाहेरचा एक बी मजूर लावला नाई.'

कंपनीचं उत्तर आलं नाई. पन ज्या पोट्ट्याचा नंबर दहावा होता, तो मले अजून बजारात भेटला की इचारते, "मंग? माह्याकडं कवा येता क्लिक कराले?"

*

आता हा किस्सा सांगाले मले जरा लाज वाटते. जरा म्हनजे लय नाई.

दसरा जवळ आला होता. इरफान रोज कॅलेंडर पाहे अन् नाक चोळे. मले वाटलं, दोस्ताचं मन राखलं पायजे. मी एक ई-मेल बनवला अन् मिसेस फर्नांडिस, गोवा, या बाईच्या नावानं एका गादीची ऑर्डर देल्ली. चांगल्या इंग्रजीत. 'माय हजबंड इज ऑल्सो स्लीपिंग' असं बी लिवलं. खाली फोन नंबर टाकला.

इरफाननं दुकानातच कोलांटी मारली! चाचाले हात धरून आनलं, मेल वाचून दाखवला. चाचा म्हने, "लाव फोन."

"अब्बा, फोन कायले?"

"गिऱ्हाईक हाय ना? मंग बोलू ना तिच्याशी."

चाचानं नंबर दाबला. माह्या पँटच्या खिशात रिंगटोन सुरू झाली.

घाईघाईत मी माहाच नंबर टाकला होता!

फोन वाजूनच राहिला होता. चाचा माह्याकडं वळले अन् एकदम अदबीनं म्हने, "उचला बाई. तुमचा फोन वाजून राहिला."

इरफान आठ दिवस माह्याशी बोलला नाई. चाचा मले त्यानंतर नावानं हाक मारतच नाईत. "काय बाई, मिस्टर बरे हायत ना?"

अन् तवापासून कायदाच झाला. ऑर्डर कोनाची बी येवो, चाचा स्वतः फोन लावून खात्री करतीन.

*

अन् आली! खरी ऑर्डर आली! पुन्याच्या एका साहेबाची. आडनाव आमच्याकडचं नाई, काई नाई. इरफाननं तीनदा तपासलं, मले खिसे उलटे कराले लावले.

चाचानं फोन लावला.

"हॅलो, हाव, गादीवाले बोलतो. पुन्यात कुठी? बरं. पन मूळ गाव कोनतं?"

इरफान हातानं नको नको करून राहिला.

"बाळापूर! बाळापुरात किल्ल्याच्या अंगानं का? अरे, मंग तुमची आजी ते लाल दरवाजावाली! त्यायच्या रजया माह्या बापानं भरल्या हायत!"

झालं. साहेब पुन्यात रडकुंडीले, चाचा मूर्तिजापुरात रडकुंडीले. फोन ठेवला अन् चाचा म्हने, "गादी पाठवून दे. पन हा धरता येत नाई. हा त घरचा निघाला."

इरफान ओरडला, "अब्बा, तुमी गाव इचारूच नका ना!"

"गाव न इचारता मानसाशी बोलाचं?" चाचाले खरंच समजलं नाई. "म्हनजे मंग बोलाचं काय?"

*

शेवटी नवा कापूस आला. जिनिंगसमोर गाड्यायची रांग लागली, अन् त्याच दिवशी चाचाची दुसरी मशीन टेम्पोत बसून दुकानासमोर येऊन उभी राहिली. इरफान कम्पुटरच्या वायरी गुंडाळाले बसला होता. म्हने, "एक डाव मेल पाहून घेतो."

मेल होता! केरळची ऑर्डर. लीलाम्मा नावाची बाई. खाली इंग्रजीत लिवलेलं: 'माझ्या मुलाने टाईप केले आहे. आईला फक्त मल्याळम येते.'

इरफानच्या डोळ्यात पानी आलं. "गजा, हे बाई ना मराठी बोलत, ना हिंदी! अब्बाले मल्याळम येत नाई! आता कोनत्या बी बाजूनं ओळख निघत नाई!"

मी बी पुरा इचार केला. केरळात आमच्या तालुक्यातल्या कोनाचंच कोनी नव्हतं. पोरगी बी देल्ली नव्हती.

चाचा आले. चष्मा लावला, नंबर लावला.

"हॅलो. मूर्तिजापूर. गादी."

तिकडून काईतरी आलं.

"हाव," चाचा म्हने.

तिकडून लय काईतरी आलं.

"हाव... हाव... अरे अरे... नाई, तसं नाई होत... हाव."

आमी तिघं एकमेकाकडं पाहून राहिलो. चाचा खुर्ची ओढून बसले. हसले. मंग गंभीर झाले. एका हातानं हवेत काईतरी मोजलं. मंग उठून अंदर गेले, मूठभर नवा कापूस घेऊन आले, अन् तो कापूस फोनजवळ धरला. तिकडून बाई काईतरी बोलली, अन् चाचा एवढे हसले की ठसकाच लागला.

वीस मिनिटं! टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. कापूस जवळ आल्यानं इरफान शिंकून राहिला होता.

चाचानं फोन ठेवला. चष्मा पुसला.

"दोन गाद्या, चार उशा. पोरीचं लगन हाय तिच्या. गादी हातभर लांब भरजो, जवाई उंच हाय. अन् पोरीले वडील नाईत, त बांधनीत घाई करू नको."

"अब्बा," इरफान म्हने, "तुमाले हे समजलं कसं?"

चाचानं त्याच्याकडं असं पाहालं, जसं इरफाननंच काई वेड्यासारखं इचारलं.

"पन शर्त तू हारला बरं," ते म्हने. "घरची झाली ते आता. अनोळखी कुठी राह्यली?"

इरफाननं अजून एक शिंक देल्ली अन् कम्पुटरची वायर उपटाले हात घातला.

बाहेरून टेम्पोवाला ओरडला, "चाचा, मशीन कुठी उतरवू?"

"घरामागं नेऊन टाक!" चाचा तिथूनच ओरडले, अन् इरफानच्या हातावर चापट मारली. "अन् तू त्या डब्ब्याले हात लावू नको बे! ते नवरदेवाचा फोटो पाठवून राहिली."