सर्वानुमते ठरले

टायपिंग आणि स्टेनोच्या परीक्षा पास झाले आणि चेंबूरच्या एका सामाजिक संस्थेत मला नोकरी लागली. वडिलांच्या मते ती तात्पुरती होती, बँकेत नंबर लागेपर्यंत. माझंही मत वेगळं नव्हतं. पत्रं टाइप करायची आणि ज्या वस्त्यांत संस्थेचं काम चालायचं तिथल्या सभांचं इतिवृत्त लिहायचं, एवढंच काम.

या सभा ज्या घ्यायच्या त्यांना सगळे ताई म्हणत. मूळच्या मालवणकडच्या, वडील गिरणीत. घाटकोपरच्या एका चाळीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज मुळीच मोठा नाही. पहिल्या महिन्यात त्या रजेवर असताना मी मानखुर्दच्या एका सभेचं इतिवृत्त लिहिलं. परत आल्यावर त्यांनी ते वाचलं आणि मला बोलावलं.

"‘सर्वानुमते ठरले’ असं लिहिलंयस. बायका किती होत्या गं?"

"वीसेक असतील."

"त्यातल्या बोलल्या किती?"

मी आठवून पाहिलं. "कुणीच नाही."

"मग सर्वानुमते कसं?"

रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

पुढच्या सभेला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. गोवंडीच्या एका वस्तीत सार्वजनिक संडास बांधायचा होता. वस्तीच्या कमिटीनं जागा आधीच ठरवली होती, रस्त्याच्या नाक्यावर. सभेत फक्त हात वर व्हायचे बाकी होते. ताई मात्र आठवडाभर आधीच गल्लीगल्लीत फिरून एकच विचारत होत्या, "तुम्हांला सवड कधी असते?" त्यातून रविवार दुपारचे तीन ठरले, पाणी भरून आणि जेवणं उरकून झाल्यावर.

सभा बालवाडीच्या खोलीत होती. पुढे खुर्च्यांवर कमिटीची माणसं, बायका दारातच उभ्या. ताईंनी सतरंजी अंथरून घेतली आणि आपण आधी खाली बसल्या. म्हणाल्या, "खुर्च्या आठ आणि माणसं साठ. पुरायच्या कशा?" कमिटीचे अध्यक्ष जरा घुटमळले, मग तेही खाली बसले. बायका आत आल्या. गोल करून बसल्यावर खोलीत पुढची बाजू अशी राहिलीच नाही.

"आज काय बोलायचं ते तुम्ही सांगा," ताई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

कुणी बोलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. सभेची वाट लागली असं मला वाटलं. मी ताईंकडे पाहिलं, तर त्या शांत बसलेल्या, कुणीतरी बोलणारच अशी खात्री असल्यासारख्या. मग म्हणाल्या, "बरं, आधी शेजारणीशी बोला. मग सगळ्यांना सांगा." खोलीत एकदम कुजबुज सुरू झाली. ती आपणहून ओसरेपर्यंत त्यांनी थांबवली नाही.

शेवटी एक म्हातारी म्हणाली, "नाक्यावर दिवसभर पुरुष बसलेले असतात. त्यांच्यासमोरनं टमरेल घेऊन जायचं कसं?"

दुसरी म्हणाली, "आणि कुलूप लावणार ना? चावी कुणाकडे?"

"जागेचं बोला, चावीचं नंतर," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्षसाहेब, तुमचंही ऐकायचंय," ताई म्हणाल्या. "यांचं होऊ द्या."

मग एकेक जण बोलत गेली. बोलणाऱ्यांत अध्यक्षांची बायकोही होती. तिचं ऐकून ते चकितच झाले. "घरात कधी बोलली नाहीस हे!"

"विचारलंत कधी?"

हसू उसळलं. अध्यक्षही हसले. मग त्यांनीच वस्तीच्या आतली, बालवाडीमागची मोकळी जागा सुचवली. नाक्यापासून लांब, घरांच्या नजरेतली. चावी चार बायकांनी आळीपाळीनं ठेवायची ठरलं. त्या इतिवृत्तात मी म्हातारीचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहिलं. मला ते फार मोठं वाटलं.

त्यानंतर दोन वर्षं मी ताईंच्या मागेमागे फिरले. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासमोर त्या वही उघडायच्या नाहीत. जमिनीवर खडूनं गल्ल्या काढायच्या आणि खडू लोकांच्या हातात द्यायच्या. उशिरा आलेल्याला आतापर्यंतचं दुसऱ्या कुणाला तरी सांगायला लावायच्या. साध्या गोष्टी, पण इतक्या निगुतीनं करणारं दुसरं कुणी मी पाहिलं नव्हतं.

एकदा त्यांचा घसा पार बसला आणि मानखुर्दची सभा माझ्यावर आली. मी रात्रभर जागून तयारी केली होती. उभी राहिले आणि वीस मिनिटं बोलतच सुटले. शेवटी एक आजोबा म्हणाले, "पोरी, तुझं झालं की आम्ही बोलू का?"

सगळे हसले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मटकन खाली बसले, आणि मग लोक बोलू लागले. गळ्याला मफलर गुंडाळून ताई मागे बसल्या होत्या. परत येताना घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आज दोन सभा झाल्या. पयली तुझी, दुसरी तेंची. दुसरी झकास झाली."

त्याच सुमारास बँकेचं मुलाखतीचं पत्र आलं. वडिलांनी पेढे आणले. मी ते पत्र घेऊन ताईंकडे गेले. त्यांनी "राहा" म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. त्या म्हणाल्या नाहीत. चहा टाकला आणि विचारलं, "सकाळी कुठल्या कामाला जायचं असलं की आपणहून जाग येते?" मी बराच वेळ बोलत राहिले. त्या ऐकत राहिल्या.

घरी येऊन वडिलांना सांगितलं, बँकेत जात नाही, ताईंसारख्या सभाच घेणार. ते म्हणाले, "सभा घेणं हे काय काम झालं? उद्या लोकांना काय सांगायचं, मुलगी काय करते म्हणून?"

"लोकांना बोलतं करते, असं सांगा."

त्यांनी पेढ्यांचा पुडा झाकून ठेवला. म्हणाले, "सहा महिने बघू."

ते सहा महिने कधी संपले ते आमच्या दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.