मागच्या चाकांना एक सूत जादा

पसरणीच्या घाटात जीप चालवणाऱ्या प्रत्येकाला नाथाजी मिस्त्रीचं गॅरेज ठाऊक होतं. घाटाच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, आत एक खड्डा आणि खड्ड्यात बहुधा नाथाजी. पलटणीत पंधरा वर्षं ट्रकांखाली पाठ घासून आलेला हा माणूस ब्रेकच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसे. पुढचा ब्रेक माणसाला तोंडावर पाडतो, मागचा सांभाळतो, असं त्याचं ठाम मत. मोटारसायकलवरून आपटलेले गडी पाहून पाहून ते पक्कं झालेलं. म्हणून घाटातली जीप आली, की तो मागच्या चाकांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठे व्हील सिलिंडर बसवायचा. पाय तेवढाच दाबायचा, पण मागची चाकं जास्त जोरानं आवळली जायची. दहा-बारा माणसं कोंबलेली जीप जागच्या जागी बसायची. लोक त्याला ‘नाथाजीचा ब्रेक’ म्हणायचे आणि मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसायचा.

१९९४ च्या मे महिन्यात ते हसू मावळलं.

सांगलीचे हळदीचे व्यापारी भाऊसो उन्हाळा पाचगणीत काढत. त्यांच्याकडे एक जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी होती. दोनच सीटा, टप नाही, मागे नुसती हलकी शेपटी. तिचे मागचे सिलिंडर गळायला लागले, तेव्हा नाथाजीनं तिलाही आपलं नेहमीचं औषध दिलं. पंधरा दिवसांत गाडी घाटात गर्रकन फिरली आणि कठड्याला जाऊन आदळली. चालवत होता भाऊसोंचा ड्रायव्हर महेंद्र. त्याचं कोपर फुटलं, गाडीचा मडगार्ड चेपला, तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही घेऊन गॅरेजात हजर.

“गड्याला डुलकी लागली आसंल,” ते म्हणाले. “नाथाजी, ब्रेकात खोट हाय का, एवढं सांगा. नसंल तर ह्याला आजच काढतो. आन् सांगलीत कोण ह्याच्या हातात गाडी देतंय, तेबी बघतो.”

“माझ्या ब्रेकात खोट न्हाई,” नाथाजी म्हणाला. गाडीला हात लावायच्या आधीच म्हणाला, हे त्याचं त्यालाही कळलं.

महेंद्रनं गयावया केली नाही. “वस्ताद, मी जागा हुतो. पेडल दाबलं आन् मागची बाजू पुढं आली. एकडाव माझ्यासंगं बसा. मग काय सांगायचं ते सांगा.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. भाऊसोंना बाकावर बसवून दोघं सुरूरच्या रस्त्याला गेले. एका ठिकाणी रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं. स्टिअरिंगवर नाथाजी. त्यानं जरा वेग घेतला आणि अंदाजानं ब्रेक दाबला. गाडी शहाण्यासारखी थांबली. दुसऱ्यांदा दाबला. पुन्हा थांबली. नाथाजीच्या जिवात जीव आला आणि त्याची त्याला लाजही वाटली, कारण शेजारच्या माणसाची भाकरी त्यात जात होती.

“वस्ताद,” महेंद्र हळूच म्हणाला, “ह्यो गॅरेजातला ब्रेक झाला. म्होरं म्हैस आडवी आल्यावर कसा पाय मारता, तसा मारा.”

नाथाजीनं गाडी पळवली. काटा महेंद्रनं सांगितलेल्या कालच्या वेगावर गेला. वारा डोळ्यांत शिरत होता. आता नाही दाबला तर चालतंय, असं मन म्हणत होतं. त्यानं पाय मारला.

टायर किंचाळले. स्टिअरिंग हातातल्या हातात पोकळ झालं, शेतं डोळ्यांपुढून आडवी धावली आणि धुरळा खाली बसला तेव्हा गाडीचं तोंड आल्या वाटेकडे होतं. महेंद्रनं फुटलेलं कोपर पोटाशी धरलं होतं.

नाथाजी उतरला. रस्त्यावर टायरांचे दोन काळे पट्टे वाकत गेले होते. दोनच. तो उकिडवा बसला, पट्ट्यांवरून बोट फिरवत मागे मागे गेला. दोन्ही मागच्या चाकांचे. मागची चाकं जाम होऊन घसरली होती, पुढची मात्र निवांत फिरत होती. ब्रेक मारला की गाडीचं सगळं वजन पुढे जातं, हलकी शेपटी उचलली जाते. तिथंच त्यानं ब्रेक वाढवून ठेवला होता. पंधरा वर्षं पलटणीत आणि बारा गॅरेजात, एवढं साधं त्यानं एकदाही जमिनीवर बसून पाहिलं नव्हतं.

गॅरेजात आल्यावर बाहेर दोन-चार जीपवाले चहा पीत उभे होते. त्यांच्या देखतच नाथाजी म्हणाला, “भाऊसो, पोरगं जागंच हुतं. चूक माझी हाय. मागचं सिलिंडर मी मोठं घातलं. जुन्या मापाचं घालून देतो, तवर गाडी हलवू नगा.”

भाऊसोंचा चेहरा लालबुंद झाला, पण महेंद्रकडे बघून त्यांनी तोंड मिटलं. नाथाजीला वाटलं, सुटलो. नाव गेलं, पण सुटलो.

“वस्ताद,” महेंद्रनं विचारलं, “भरल्या जीपा जागच्या जागी बसतात, ते खरं. पर रिकाम्या उतरतात तवा त्यांची शेपटीबी हलकीच की वं?”

चहाचे कप तिथल्या तिथं थांबले. सुट्टीचे दिवस होते. सकाळपासून जीपा प्रवाशांना पाचगणीत सोडून नव्या फेरीसाठी वाईकडे रिकाम्याच उतरत होत्या. आणि बहुतेकींच्या मागच्या चाकांत नाथाजीचा हात होता.

वरच्या वळणावर हॉर्न वाजला. गुंडा नावाच्या जीपवाल्याची जीप, रिकामी, उतारावर सुसाट. नाथाजी रस्त्यात धावला आणि थांब म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले. तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: आपण आडवं उभं राहिलो, तर तो जीव खाऊन ब्रेक मारणार.

त्यानं हात खाली घेतले आणि चटकन बाजूला झाला.

“राम राम मिस्त्री!” गुंडा हसत ओरडला आणि भुर्रकन निघून गेला. नाथाजीनं चपला तिथंच टाकल्या आणि तापल्या डांबरावरून अनवाणी, जीपा आपण होऊन थांबतात त्या वाईच्या जीप-स्टँडकडे पळत सुटला.