म्हसोबामागच्या चेना

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी भर दुपारी कुठे साखळी किणकिणली की सेनगाव तालुक्यातला तो फाटा माझ्यापुढे उभा राहतो. तेव्हा मी ठाण्यात महिला जमादार होते.

गावातल्या मुली सायकलवर फाट्यापर्यंत येत, लिंबाखाली सायकली लावून, सडक ओलांडून एसटीने शाळेला जात. शेजारीच म्हसोबा, म्हणून कुणी कुलूप लावत नसे. तरीही चेना जाऊ लागल्या. सीट, घंटी, चाकं जागच्या जागी. गायब फक्त चेन. नववीतल्या एका मुलीला घेऊन तिचे वडील तक्रार द्यायला आले.

"म्याडम, चोर सापडला न्हाई तर हिची शाळा बंद."

"मी पायी जाते ना, बाबा."

"एसटी काय तुह्या मामाची हाय, थांबायला?"

आम्ही भंगारवाले तपासले. कुणाकडेच चेन आली नव्हती. मग पानटपरीवाल्याने दबक्या आवाजात खबर दिली, "म्हसोबाच्या मागं बघा. मी हात न्हाई लावला."

मागच्या बोरीला चेना टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला शेंदूर. भर दुपारी फाट्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. वारा आला की त्या एकमेकींवर वाजत. पंचनाम्याला सोबत आणलेले पंच मागे सरकले.

"देवाला वाहिलेलं हाय बाई. आमी काढत न्हाई."

चपला काढून मीच एकेक उतरवली. तक्रारींपेक्षा एक चेन जास्त निघाली. गंजलेली, तुटलेली, पण तेलाने चोळलेली. तेलाला मेंढीची लोकर चिकटली होती.

आदल्या वर्षी फाट्यालगतच्या वळणावर एक मुलगी टिप्परखाली गेली होती. पंचनामा आम्हीच केला होता, आणि तिच्या सायकलची चेन काही मिळाली नव्हती. तिची आई मेंढरं राखायची.

त्या बाईला ठाण्यात बोलावलं.

"चेना तुमी काढल्या?"

"व्हय."

"काहून?"

"चेन नसली तर लेकरू सडकंवर येत न्हाई." मग हळूच म्हणाली, "माह्या पोरीची तेवढी येळेवर काढली न्हाई."

तक्रार देणाऱ्या मुलीचे वडील तिला घेऊन भांडायला आले होते. ते दारातच थबकले. "मंग तर मी हिला पाठवतच न्हाई," ते पुटपुटले.

मुलगी मात्र पुढे झाली. "मावशी, माझी चेन द्या. मी सडक ओलांडताना तुमी उभ्या राहा."

मुलीने दाखवलेली चेन बाईने टेबलावरून उचलली आणि पदराने शेंदूर पुसून तिच्या हातात दिली. वडिलांनी तक्रार पुढे नेली नाही. साहेबांनी बाईला समज देऊन सोडलं.

चोरी म्हणजे नफा, असं धरून मी तपास करत असे. त्या दिवसापासून, काय गेलं हे बघण्याआधी चोराने मागे काय सोडलं ते बघू लागले. मुलींना सांगितलं, देव असला तरी चाक आणि चेन दोन्ही धरून दांड्याला कुलूप घाला. दुसऱ्या सकाळी एसटीच्या वेळेला ती बाई काठी आडवी धरून सडकेच्या मधोमध उभी होती. टिप्पर थांबला होता, आणि मुली चालत पलीकडे जात होत्या.